ट्रकवाली गोष्ट

मी कारंज्याहून कन्याकुमारीला सायकलनं गेलो, त्याला महिनाही पुरता लागला नाही. ते सांगायला मात्र चार वर्षं झाली, अजून संपलेलं नाही.

कारंज्यात माझं बी-बियाण्यांचं अन् फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. वय पन्नाशीला टेकलेलं, पोट त्याच्याही पुढे गेलेलं. डॉक्टरनं साखर वाढली म्हणून सांगितलं आणि रोज चालायला लावलं. चालायला लागलो तर गिऱ्हाईकं रस्त्यात अडवून तुरीवरच्या अळीचं औषध विचारू लागली. मग सायकल घेतली. पळून जायला ती बरी. पळता पळता लांब जाऊ लागलो आणि एका हिवाळ्यात एकटाच कन्याकुमारीपर्यंत पोचलो. येताना रेल्वेनं आलो. हे मी भाषणात सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

आल्यावर सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि 'सायकलवीर' ही पदवी मिळाली. त्यानंतर जो माइक हातात आला तो आलाच. शाळा झाल्या, कॉलेजं झाली, गणपती मंडळं झाली. एकदा एका लग्नातही बोललो, कारण वरात यायला उशीर होता आणि पाहुणे पंगत मांडा म्हणून गलका करत होते.

कार्यक्रमाला मी एसटीनं जातो. सायकल मागून छोटा हत्ती टेम्पोत येते, कारण आयोजकांना ती स्टेजवर लागते. 'काका, तुम्ही सायकलनंच का नाही आले?' असं एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं होतं. मी म्हटलं, घामानं सदरा खराब होतो. हार आधी सायकलला घालतात, मग मला. सायकलचा मोठा असतो.

पहिलं भाषण कारंज्यातच झालं. मी इमानदारीत सगळं सांगितलं. कुठे काय खाल्लं, कोणत्या देवळात पथारी टाकली, धुतलेले कपडे हँडलवर कसे वाळवले. दुसऱ्या रांगेतले एक काका झोपले, आणि नुसते झोपले नाहीत, घोरू लागले. मी घाबरलो आणि मधूनच ट्रकची गोष्ट काढली. काका जागे झाले. तेव्हापासून तो ट्रक माझ्या भाषणातून हललेला नाही.

गोष्ट खरी आहे, एक अक्षर खोटं नाही. तिकडे तमिळनाडूत एक घाट उतरत होतो. पाऊस होता, ब्रेक नीट धरत नव्हते. मागून ट्रक आला, मी घसरलो, बाजूच्या नालीत पडलो आणि ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला. एवढं घडायला जो वेळ लागला, त्यात माणसाला धड शिंकताही येत नाही. मी मात्र ती गोष्ट अर्धा तास पुरवतो. आधी ढग आणतो. मग दरी. मग लांबून हॉर्न, मग जवळून हॉर्न. मग मी थांबतो, टेबलावरचा ग्लास उचलतो, सावकाश पाणी पितो. लोक श्वास धरून बसतात. मग मी ग्लास ठेवतो आणि खर्जात म्हणतो, 'आणि माझ्या मागून, मित्रांनो, साक्षात मृत्यू येत होता!' टाळ्या.

बायकोनं हे एकदाच ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली, 'मृत्यू मागून येऊन राह्यला होता तं तुमी एवढं पाणी कायले पीत होते?'

तर अशी माझी कीर्ती. ती घरातल्याच कुणाच्या आड येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझी मोठी बहीण मंगरूळपीर तालुक्यात आसेगावला दिली आहे. भाऊजींची सोयाबीन-तुरीची शेती आहे, संत्र्याचा बगीचा आहे. माणूस चांगला, पण शब्द जपून वापरणारा. एकदा त्यांनी 'नाही' म्हटलं की ते 'नाही' पुढच्या पिढीपर्यंत टिकतं. त्यांची एकुलती एक पोरगी, माझी भाची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं अन् तिच्या तीन मैत्रिणींनी ठरवलं की थंडीच्या सुट्ट्यांत सायकलनं कन्याकुमारीला जायचं, मामा गेला त्याच रस्त्यानं. मैत्रिणींच्या घरून होकार आला. गाडी अडली ती भाऊजींपाशी.

अन् पोरीला घाई होती. परीक्षा झाली की पाहुणे पाहायला येणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. 'मामा, आता गेली तं गेली,' ती मला म्हणाली. 'मंग मले कोन जाऊ देते? सासरी जाऊन म्हणू का, मी जरा कन्याकुमारीले जाऊन येते?'

भाऊजी तिला हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, 'तुह्या मामाचा कार्यक्रम ठेवला आहे नं गावातल्या पोरांनी? ऐकतो. मंग सांगतो.'

म्हणजे सगळं माझ्या भाषणावर आलं. अरे बापा! मी तर खुशीत होतो. म्हटलं, असं भाषण देतो की भाऊजी स्वतः सायकल घ्यायला निघतील. दोन दिवसांनी भाची दुकानात आली, खताच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, 'मामा, ट्रक काढून टाका.'

'कोणता ट्रक?'

'भाषणातला. बाबांनी तो ट्रक ऐकला तं मले अंगणाच्या बाहीर नाही जाऊ देणार.'

'अवं, ट्रक काढला तं भाषणात उरते काय?'

'इडली सांगा नं. देऊळ सांगा. ते आजी सांगा, जिनं तुमचे ओले कपडे चुलीपाशी वाळवून देल्ले.'

'अन् लोक झोपले तं?'

'झोपू द्या. बाबा जागे राह्यले म्हणजे झालं.'

मी तिला शब्द दिला. भाचीला नाही म्हणायची आमच्याकडे सोय नाही. आमच्याकडे भाची मानाची; मामानं तिच्या पाया पडायचं असतं, तिनं मामाच्या नाही. शब्द दिला खरा, पण मनातलं सांगू का? त्या घटकेला मला पोरीपेक्षा ट्रकचं जास्त वाईट वाटलं.

कार्यक्रम चारचा होता, म्हणजे पाचला सुरू झाला. शाळेच्या पटांगणात मंडप, मागे बॅनर. बॅनरवर माझा चार वर्षांपूर्वीचा फोटो आणि खाली 'जागतिक कीर्तीचे सायकलवीर'. गावात नवीन ट्रॅक्टर आला की त्याची जशी पूजा होते, तशी पोरांनी माझ्या सायकलची मांडली होती. हळद-कुंकू लावलं, हँडलला आंब्याची पानं बांधली, पुढच्या चाकासमोर नारळ फोडला. मग पोरांच्या मंडळाचा अध्यक्ष, चांगला धट्टाकट्टा पोरगा, म्हणाला, 'काका, आता वरून चाक जाऊ द्या. शुभ असते.'

ट्रॅक्टरला चालतं हो ते! माझ्या सायकलचं टायर बोटभर जाडीचं. मी ऐटीत टांग मारली, चाक करवंटीच्या तुकड्यावरून गेलं आणि फुस्स झालं. अख्खं गाव वाकून पाहू लागलं. कुणी म्हणे हवा भरा, कुणी म्हणे मंगरूळला न्या. आणि मी, जागतिक कीर्तीचा, तोंड उघडं टाकून उभा. कारण वाटेतली सगळी पंक्चरं मी दुकानांतून काढून घेतली होती. एकही स्वतः काढलं नव्हतं. शेवटी भाची पुढे आली. सायकल उलटी केली, टायर सोडवलं, बादलीभर पाणी मागवलं आणि खाली बसून कामाला लागली. भाऊजी पुढच्या रांगेतून पाहत होते. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण पाहत होते.

तिकडे सत्कार सुरू झाले. सरपंच बोलले, माजी सरपंच बोलले, पुढच्या खेपेला उभे राहणारे तर दोघांच्या वरताण बोलले. माझ्यापर्यंत माइक आला तेव्हा ऊन उतरलं होतं. समोर भाऊजी, खांद्यावर दुपट्टा, नजर थेट माझ्या तोंडावर. बायकांच्या बाजूला ताई. मंडपाच्या कडेला भाची, हात काळेकुट्ट, सायकल दुरुस्त.

मी इडली सांगितली. सकाळी इडली कशी हलकी पडते, सांबार कसं परत परत वाढतात, उसाच्या रसात तिकडे आलं कसं घालतात. वाटेत एका आजीनं मला चुलीपाशी बसवून कपडे कसे वाळवून दिले, तेही सांगितलं. रस्ते रुंद, लोक देवमाणसं, ट्रकवाले तर बोलायलाच नको इतके सभ्य. भाऊजींची मान एकदा हलली. मला जोर आला. मी आणखी देवळं सांगितली. मागच्या रांगा उठून चहाकडे जाऊ लागल्या. आयुष्यात एवढं फिकं भाषण मी दिलं नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, 'काका, ट्रकवाली सांगा नं!'

'हो हो, ट्रकवाली!' दुसरा. मग शिट्ट्या.

मी म्हटलं, 'ट्रक काय, असतातच रस्त्यावर. आपल्या गावातूनही जातात.'

'नाही काका, ते मृत्यूवाली!'

मी घाम पुसला. म्हटलं, वेळ फार झाला, ती पुन्हा कधी. पण मंडळाचा अध्यक्ष मोठा उत्साही. त्याला वाटलं, काका थकले. 'काका, तुमी बसा,' तो म्हणाला, 'माह्याजवळ तुमचा व्हिडिओ आहे.' आणि त्यानं खिशातून मोबाइल काढून माइकला लावला.

पटांगणभर माझाच आवाज घुमू लागला. ढग आले. दरी आली. हॉर्न वाजला, मग आणखी जवळून वाजला. मध्ये मी पाणी प्यायलो, त्याचा घटघट आवाजसुद्धा आला. चहाकडे गेलेले धावत परत आले. मी भाचीकडे पाहिलं. तिनं काळ्या हातांनी तोंड झाकलं होतं. आणि मग माझ्याच खर्जातल्या आवाजात ते आलं, 'आणि माझ्या मागून, मित्रांनो, साक्षात मृत्यू येत होता!' असा टाळ्यांचा कडकडाट झाला की बस. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, ती अशी चार वर्षांनी माझ्याच नरड्याशी आली.

भाऊजी उठले. दुपट्टा झटकला. 'झालं,' म्हणाले. 'ऐकलं.'

पोरीचा चेहरा पाहवेना. मला त्या वेळी स्टेजखाली घुसून बसावंसं वाटलं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. चार वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना 'घराबाहेर पडा, जग पाहा' म्हणून सांगत फिरलो, आणि माझ्याच भाचीच्या वाटेत मी आडवा पडलो होतो. काही बोलावं तर तोंडाला कोरड. ग्लास समोरच होता, पण पाणी प्यायची हिंमत होईना.

तेव्हा ताई उठली. बायकांच्या घोळक्यातून सरळ स्टेजवर आली. अध्यक्षाच्या हातून मोबाइल बाजूला केला, माइक धरला.

'याले ऐकून तुमी भेले असान तं आता माह्यं ऐका,' ती म्हणाली. 'हा माहा लहान भाऊ होय. दहावीत गेला तरी दिवस बुडला की अंगणात जायले याले माही सोबत लागे. बेडकाले भे.'

लोक हसले. मीही हसलो, उगाच.

'हा गेला सायकलवर. मोठा वीर! रोज संध्याकाळी मले फोन. फोन कायचा, निरं रडणं. एक दिवस रडला, बसायची जागा दुखते म्हणून. एक दिवस रडला, कुत्रं मागं लागलं म्हणून. एक दिवस तं जेवणात चटणी नाही भेटली म्हणून रडला. मी म्हटलं, अरे, सरकारी काम आहे का हे? कोणं पाठवलं तुले?'

मंडप कोसळायचा बाकी राहिला. पुढच्या रांगेतले म्हातारे डोळे पुसू लागले. कुणीतरी ओरडलं, 'अन् ट्रकवाल्या दिवशी?'

'त्या दिवशी? त्या दिवशी म्हणे, ताई, मी रेल्वेत बसून वापस येतो. मी म्हटलं, कुठी लागलं? म्हणे, कोपर खरचटलं.' ती हसणं ओसरेपर्यंत थांबली. थांबायचं कसं, हे घरातच कुठंतरी असावं. 'मी म्हटलं, रडणं झालं? मंग जेव आता, अन् झोप. सकाळी वाटलं तं ये वापस. सकाळी याचा फोनच नाही. पुढं गेला होता हा.'

ते खरं होतं. सगळंच खरं होतं. त्या दिवशी सकाळी मी पुढे का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. परत आलो तर ताई हसेल, ही एक भीती होती. आणि संध्याकाळी ती फोन उचलणार, एवढी खात्री होती.

मग ताई भाऊजींकडे वळली. माइक तोंडाशीच होता, त्यामुळे नवरा-बायकोचं बोलणं गावानं ऐकलं. 'आयकलं का? एवढा भेकड माणूस जाऊन आला. तुमची पोरगी याच्याहून भेकड आहे का?'

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून सुरुवात केली, पोटापाशी जरा थांबले, गुडघ्यांपर्यंत गेले. मग कडेला उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं, तिच्या काळ्या हातांकडे पाहिलं, उभ्या केलेल्या सायकलकडे पाहिलं.

'नाही,' ते म्हणाले. आणि जरा थांबून, 'हे जर जाऊन येऊ शकते, तं आपली पोरगी कायले नाही जाणार?'

'हे' म्हणजे मी.

टाळ्या पडल्या. ट्रकला पडतात त्याच्या दुप्पट. मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. हार गळ्यात, शाल अंगावर, आणि सगळ्या गावाला आता माझं बेडकाचं माहीत झालेलं! पण मग भाची धावत आली. रडत होती, हसत होती, काळ्या हातांनी डोळे पुसून पुसून गालभर काळं करून घेतलं होतं तिनं. ते तोंड पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या दिवसाइतका आनंद मला कन्याकुमारीला पोचल्यावरही झाला नव्हता. तिथे तर मी पाय फार दुखतात म्हणून रडत होतो.

डिसेंबरात, तुरी शेंगांवर असताना, चौघी पोरी आसेगावातून निघाल्या. ताईनं औक्षण केलं. भाऊजींनी चारही सायकलींची चाकं अंगठ्यानं दाबून पाहिली, एकेक करून, दोनदा. मग पोरीजवळ जाऊन म्हणाले, 'ट्रक दिसला की खाली उतरजो. किती का दूर असंना.' नारळ फोडला तो गेटच्या आत, सायकलींपासून लांब.

मी भाचीच्या पाया पडायला वाकलो. गुडघा कटकन वाजला. वाकलो तो वाकलोच, वर येता येईना. तिनंच दंडाला धरून उभं केलं. 'मामा,' ती कानात म्हणाली, 'कन्याकुमारीले तुमीच गेलते नं?' आणि टांग मारून गेली. रस्त्याच्या वळणावर तिनं मागे वळून हात केला, मग दिसेनाशी झाली.

संध्याकाळी दुकानात होतो. फोन वाजला. भाऊजींचा. भाऊजी मला स्वतःहून कधी फोन करत नाहीत. काही निरोप असला तर ताई करते.

'काय झालं, भाऊजी? मुक्कामाला पोचल्या का पोरी?'

'पोचल्या म्हणते. जेवल्या म्हणते. मजेत आहो म्हणते.' मग फोनमधून कसलातरी आवाज येऊ लागला. मला आधी वाटलं, बगीच्यातली मोटर सुरू आहे. मग कळलं, मोटर नाही.

'भाऊजी, कुठून बोलून राह्यले?'

'बगीच्यातून.'

'बगीच्यात कायले? घरी ताई आहे नं.'

'तुमच्या बहिणीसमोर रडलो, साळेबुवा,' ते कसंबसं म्हणाले, 'तं उद्या ते माइकवर सांगीन.'

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी शटर अर्धं खाली ओढलं, खताच्या पोत्यावर बसलो आणि फोन कानाला लावून राहिलो. तिकडे ते, इकडे मी. बऱ्याच वेळानं तिकडचा आवाज शांत झाला.

'रडणं झालं, भाऊजी?'

'हाव.'

'मंग जेवा आता. अन् झोपा.'

'हाव,' ते म्हणाले. नाक ओढलं, घसा साफ केला. 'उद्या याच टायमाले लावतो.'